स्तामातिसची माती

आमच्या शेजारच्या थेमेलीनाबाई ग्रीक होत्या, पण कुणी त्यांना ग्रीक म्हटलं की त्या लगेच दुरुस्ती करायच्या. "मी कालिम्नोसची." कालिम्नोस म्हणजे तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं एक उघडंबोडकं बेट. तिथं शेती फारशी पिकत नाही, म्हणून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज कापून आणत. आंघोळीचा खराखुरा स्पंज समुद्राच्या तळाशी वाढतो, हे मला कार्डिफला येईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

आम्ही तिथं १९८१ साली आलो. माझे यजमान, माधव, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. दोन वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये काढायची आणि मग चांगल्या वस्तीत घर घ्यायचं, अशी इतर मराठी डॉक्टरांची रीत. आम्ही मात्र घाई करून ग्रेंजटाउनमध्ये, डॉकच्या बाजूला, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या गल्लीत एक घर घेतलं. स्वस्त होतं. ओळखीच्यांनी नाकं मुरडली. सामान लागायच्या आतच दारात एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई हातात ताट घेऊन उभी राहिली. ताटात द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या होत्या.

"मांस नाही. नुसता भात," ती म्हणाली.

मी एक तोंडात टाकली. अळूवडीची लांबची बहीण शोभली असती. त्या दिवसापासून आमचं जमलं. त्यांचं इंग्रजी डॉकवर शिकलेलं, माझं पुण्याच्या शाळेतलं. दोन्ही वेल्श लोकांना धड कळायची नाहीत, पण आम्हा दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. त्या मला "वायजा" म्हणायच्या, वैजयंती त्यांच्या जिभेला झेपत नव्हतं.

त्यांचे यजमान स्तामातिस. मोठा धिप्पाड माणूस, पण घरात आहे की नाही कळू नये इतका गप्प. डॉकजवळच्या पोलादाच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. तो बंद पडल्यावर पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असायचे. रविवारी मात्र कोट घालून दोघं डॉकमधल्या ग्रीक चर्चला जायची. तिथं काही दिवे होते, ते खलाशांनी बुडता बुडता वाचल्यावर नवस फेडायला दिलेले, असं बाईंनी मला दाखवलं होतं.

त्या चर्चमधली बहुतेक कुटुंबं बेटांवरचीच. कुणी कासोसचं, कुणी खिऑसचं, कुणी केफालोनियाचं. कोळसा न्यायला ग्रीक बोटी कार्डिफला लागायच्या. एखादा खलाशी आजारी पडून मागं राही, एखादा कप्तानाशी भांडून उतरे. त्याला डॉकवरच्या ग्रीक खानावळीत खाट मिळे, मग काम, मग पाठोपाठ त्याचा भाऊ, भाच्याचं लग्न, मेव्हण्याचं तळलेल्या मासळीचं आणि चिप्सचं दुकान. कोळसा संपला, बोटी यायच्या थांबल्या, माणसं राहिली. पण कालिम्नोसची माणसं कार्डिफला येत नसत. ती फ्लोरिडाला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, कारण तिथंही समुद्रात उतरायचंच काम होतं. कार्डिफला कालिम्नोसचे म्हणून हे दोघंच. आणि बाकीचे दर दोन-तीन उन्हाळ्यांनी आपापल्या बेटावर जाऊन यायचे, हे दोघं कधीच नाही. मी एकदा सहज विचारलं, तर थेमेलीनाबाई म्हणाल्या, "त्याला बोट लागते." बोटीवरून आलेल्या माणसाला बोट लागते, हे मला पटलं नाही, पण मी पुढं काही विचारलं नाही.

स्तामातिस १९८४च्या फेब्रुवारीत गेले. कारखान्याची धूळ फुप्फुसात बसली होती. शहराच्या पश्चिमेकडच्या सिमेट्रीत, उतारावर त्यांना पुरलं. त्या दिवशी इतका पाऊस होता, की खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि पेटी खाली सोडताना डुबुक असा आवाज झाला. थेमेलीनाबाई रडल्या नाहीत, पण तो आवाज झाल्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

त्यांना एकच मुलगी, इरीनी. ती लंडनला, ईलिंगमधल्या शाळेत शिकवायची. हुशार, कामसू, आईवर जीव टाकणारी, पण ग्रीक बोलताना अडखळायची. आईनं भराभर बोलायला सुरुवात केली, की ती "मम, स्लोली," म्हणायची आणि मग दोघी इंग्रजीवर यायच्या. माझ्या मुलीचं, मीनलचं मराठी पुढं तसंच होणार आहे, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

दोन वर्षांनी माझे सासरे आमच्याकडे आले असताना वारले. अंत्यसंस्कारानंतर दोन दिवसांनी अस्थी मिळाल्या. प्लास्टिकचा डबा होता. माधवनी तो देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि नाताळच्या सुटीत नाशिकला नेला. थेमेलीनाबाई भेटायला आल्या तेव्हा त्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"इतक्या लवकर?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे तीन वर्षं थांबतात, कधी पाच. मग उकरून हाडं काढायची. बायकाच काढतात. वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची, पेटीत घालून चर्चजवळच्या खोलीत ठेवायची. माझ्या आजीची मी धुतली होती. हलकी असतात. लहान मूल उचलावं तशी."

"मग स्तामातिसची?" मी विचारलं.

त्या उठून दाराकडे गेल्या. पण हा विचार त्यांच्या मनात त्याच दिवशी आला असं नाही, तो आधीपासूनच होता, हे मला कळलं.

१९९० साली त्यांनी इरीनीला सांगितलं, की बापाची हाडं काढून कालिम्नोसला न्यायची. इरीनीला हे अघोरी वाटलं. ती माझ्या किचनमध्ये बसून डोळे पुसत म्हणाली, "आंटी, तुम्ही तिला समजावा. इथं हे असं करत नाहीत. सरकारचं, होम ऑफिसचं लायसन्स लागतं. आणि बाबांजवळ मला जायला एक जागा आहे ना, ती पण आई नेणार."

मी समजावलं नाही. समजावण्याचा मला काय अधिकार? इरीनीच मग लायसन्सच्या मागं लागली. अंत्यविधी करणाऱ्या माणसानं तिला स्पष्ट सांगितलं, की त्या उताराची जमीन चिकणमातीची आहे, पाणी धरते, सहा-सात वर्षांत तिथं देहाची नुसती हाडं होत नाहीत. तिनं ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "तीन वर्षं पुरतात. मी बघितलंय."

उकरायचं ठरलं त्याच्या आदल्या दुपारी थेमेलीनाबाई माझ्याकडे आल्या. त्यांनी वाइनची बाटली आणि पांढरं कापड पिशवीत घेऊन ठेवलं होतं. मी चहा टाकला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि न पिता सांगायला सुरुवात केली.

त्यांचा एक धाकटा भाऊ होता, साकेलारिस. स्तामातिसशी त्यांचं लग्न ठरलं होतं. १९५०च्या उन्हाळ्यात दोघं एकाच बोटीवर स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेले. साकेलारिस तांब्याचं शिरस्त्राण घालून खाली उतरायचा, आणि वर बोटीवर त्याची दोरी धरायला स्तामातिस. खालच्याला वर घ्यायचं ते हळूहळू, मध्ये थांबत थांबत. झटक्यात वर आणलं तर रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि माणूस मरतो किंवा लुळा पडतो. कालिम्नोसच्या लहान पोरांनाही हे माहीत. त्या दिवशी वारा एकदम फिरला, कप्तान ओरडायला लागला, आणि स्तामातिसनं घाबरून दोरी भराभर ओढली. साकेलारिस वर आला, हसला, सिगरेट मागितली. ती ओढून व्हायच्या आत त्याचे पाय गेले. वय एकवीस.

"मी लग्न मोडावं असं सगळ्यांना वाटत होतं," त्या म्हणाल्या. "मी नाही मोडलं. स्तामातिस पळून बोटीवर गेला, जिथं आमचं कुणी नाही तिथं उतरला. तीन वर्षांनी मला बोलावलं. मी निघाले तेव्हा साकेलारिस दारात खुर्चीवर होता. त्यानं मला काही म्हटलं नाही. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला म्हटलं, जो तिथं नव्हता त्याला. म्हणाला, 'त्याला माती न खावो.'"

मला अर्थ लागला नाही, हे त्यांनी ओळखलं.

"आमच्याकडे याहून वाईट शाप नाही. ज्याचं पाप सुटलं नाही, त्याचं शरीर मातीत विरघळत नाही. तसंच राहतं. उकरलं की सगळ्या गावाला कळतं."

"म्हणून उकरताय?"

"नेण्यासाठी उकरतेय," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून, "आणि बघण्यासाठी."

सकाळी उजाडताना आम्ही सिमेट्रीत गेलो. ग्रीक पाद्री, इरीनी, मी आणि बाई. कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, एक माणूस आला होता. चारी बाजूंना हिरवे पडदे लावले होते. खणणारी माणसं अदबीनं काम करत होती. बऱ्याच वेळानं वास आला, आणि पडद्याआडून तो अंत्यविधीवाला बाहेर आला. त्यानं इरीनीला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. थेमेलीनाबाईंनी त्या दोघांकडे पाहिलं, आणि कुणी अडवायच्या आत पडदा सारून आत गेल्या.

मी आत गेले नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. वाइनची बाटली त्यांनी तिथंच चिखलात ठेवली.

"तसाच आहे," त्या मला म्हणाल्या. "मिशासुद्धा."

पेटी पुन्हा बंद करून त्याच खड्ड्यात ठेवली. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली, ती बाईंनी ऐकली असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी माधव त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यांनी डॉक्टर म्हणून नीट, सावकाश सांगितलं, की ओल्या चिकणमातीत हवा पोचत नाही, म्हणून शरीरातली चरबी साबणासारखी घट्ट होते आणि देह टिकतो. वेल्समध्ये हे कितीतरी सज्जनांच्या बाबतीत होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "थँक यू, डॉक्टर," म्हणाल्या. त्या हिवाळ्यात त्यांचं वजन इतकं घटलं, की मी त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं त्यांना झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकल्या.

मी माधवना म्हटलं, "अहो, हे गोळ्यांनी जायचं नाही. त्या भावाला कुणीतरी कळवायला हवं."

"तू कळव," ते म्हणाले.

पण मी ग्रीकमध्ये काय कळवणार? शेवटी इरीनीनंच मामाला फोन केला, ज्या मामाला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तोडक्यामोडक्या ग्रीकमध्ये, वाक्य आधी कागदावर जुळवून. मग त्यानं एवढंच विचारलं, "तिकडं विमानतळावर चाकाची खुर्ची असते का?"

१९९१च्या मे महिन्यात साकेलारिस कार्डिफला आला. बरोबर चुलत नात्यातला एक मध्यमवयीन माणूस होता, तो फारसा बोलला नाही. साकेलारिस साठीचा, छाती आणि दंड पहिलवानासारखे, आणि पँटच्या आत दोन काठ्या घातल्यासारखे पाय. आमच्या घराची पायरी अर्ध्या विटेनं बुटकी, म्हणून त्याला आधी आमच्याकडे आणलं. भेट आमच्याच पुढच्या खोलीत झाली. थेमेलीनाबाई आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. कुणी कुणाला मिठी मारली नाही. मी आत जायला निघाले, तर बाईंनी मला हातानं थांबवलं. ती दोघं ग्रीकमध्ये बोलत होती. इरीनी माझ्याजवळ बसून जमेल तसं मला इंग्रजीत सांगत होती.

बाई म्हणाल्या, "तुझा शाप लागला. मी डोळ्यांनी बघितलं. आता सोड त्याला."

तो म्हणाला, "स्तामातिस घाबरला होता. मीही घाबरलो असतो. मला ते पहिल्या वर्षातच कळलं होतं."

"मग शाप का दिलास?"

"तुला नेलं म्हणून दिला."

मग तो पुढं बोलत राहिला, चिडून नव्हे, हिशेब वाचावा तसा. "आई मला उचलायची. आंघोळीला, परसाकडे. तिची पाठ मोडली तरी उचलायची. ती आजारी पडली तेव्हा तुला कळवलं. तू आली नाहीस. ती मेली तेव्हा कळवलं. तरी नाही. त्याला तोंड दाखवायची लाज होती. तुझं काय अडलं होतं?"

थेमेलीनाबाई खाली बसल्या. सोफ्यावर नव्हे, खाली कार्पेटवर. तिथूनच त्या म्हणाल्या, "तो मला एकटीला जाऊ देत नव्हता. म्हणायचा, गेलीस तर परत येणार नाहीस." इरीनीनं हे वाक्य मला सांगितलं आणि मग ती थांबली. आपल्या गप्प, खिडकीशी बसणाऱ्या बापाविषयी तिला हे तेव्हा पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिमेट्रीत गेलो. गवत ओलं होतं. खुर्चीची चाकं मातीत रुतायला लागली, तेव्हा मी आणि त्याच्याबरोबरच्या माणसानं मिळून ती ढकलली. साकेलारिसनं थडग्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला, त्या अंतहीन हिरव्या उताराकडे. खाली वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरायचा प्रयत्न केला. ती चुरत नव्हती, गोळा होत होती. त्यानं ती परत थडग्यावर टाकली आणि काहीतरी म्हणाला.

"माझ्याकडून सुटलास," इरीनी म्हणाली. "असं म्हणतो आहे."

थेमेलीनाबाईंनी क्रॉसची खूण केली आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असावं, की आता आपल्यालाही काही म्हणेल. तो म्हणाला नाही. खुर्ची वळवायची खूण केली.

तो गेला. त्यानंतर बाई खाऊ-पिऊ लागल्या, चर्चला जाऊ लागल्या. पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. डॉकमध्ये तेव्हा मोडतोड चालू होती. जुन्या गोदामांच्या जागी फ्लॅट्स येणार, नदीवर बंधारा घालणार, अशी चर्चा. आमच्या गल्लीतल्या लोकांना तळघरात पाणी भरेल याची भीती होती, मीटिंगा व्हायच्या. बाई एकाही मीटिंगला गेल्या नाहीत. १९९२च्या शरदात त्यांनी घर विकलं आणि कालिम्नोसला भावाकडे राहायला गेल्या. वय पासष्टीच्या आसपास. विमानतळाच्या बसपर्यंत मी पोचवायला गेले. मला म्हणाल्या, "त्याची पाठ धुवायला कुणी नाही."

तिथं त्या सुखात राहिल्या असं म्हणवत नाही. रविवारी फोन करायच्या. गावातल्या बायका त्यांना "एंग्लेझा" म्हणतात, म्हणजे इंग्रजीण. बोलताना जुने शब्द येतात, दुकानात पोरी हसतात. उन्हानं डोकं दुखतं. तिथला चहा म्हणजे गरम पाणी. मी दोन-तीन महिन्यांनी टी-बॅग्ज पाठवायची. साकेलारिस त्यांच्याशी फारसा बोलायचा नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हातून दाढी करून घ्यायचा नाही. "मला माफ केलं असं कधी म्हणाला का?" मी एकदा विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. "काल म्हणाला, सूपमध्ये मीठ कमी आहे. त्याआधी कधी कमी-जास्त काही सांगत नव्हता."

साकेलारिस १९९६ साली गेला. पुढच्या वसंतात बाई महिनाभर माझ्याकडे येऊन राहिल्या. मला वाटत होतं, आता परत जाणार नाहीत. मीनल युनिव्हर्सिटीत गेली होती, तिची खोली मी त्यांना तयारच करून दिली होती. रोज बस बदलून त्या सिमेट्रीत जायच्या, तिथं तास-दोन तास बसून यायच्या. आपल्या जुन्या घरासमोरून जाताना मान वळवायच्या नाहीत. एका सकाळी नाश्त्याला बसल्या असताना त्या म्हणाल्या, "वायजा, इथं आले की वाटतं, तिकडं कुणीतरी वाट बघतंय. तिथं कुणीच नाही. तिथं असले की असंच इकडचं वाटतं."

"मग राहा ना इथं," मी म्हटलं.

"तिथं अंगणात आईचं लिंबाचं झाड आहे. वाळत चाललंय," त्या म्हणाल्या, आणि त्या परत गेल्या.

पुढच्याच वर्षी, १९९८च्या उन्हाळ्यात, पाणी घालताना त्या अंगणात कोसळल्या. शेजारच्या बाईनं इरीनीला फोन केला. तिथं उकाडा असतो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुरतात. इरीनी विमान बदलत, बोट धरत पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परतल्यावर ती कार्डिफला आली. बापाच्या थडग्यावरचं गवत कापलं, मग आमच्याकडे आली. मी उपमा केला होता. तिनं दोनदा मागून घेतला, मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "तिला इथं आणायचं का, की बाबांना तिकडं न्यायचं? पाद्री म्हणतो, दोन्ही होऊ शकतं. मी रात्रंदिवस विचार करते."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, कुणाला हलवायचं नाही. बस झालं हलवणं."

माधव तिला स्टेशनवर सोडायला निघाले. ती कोट घालता घालता म्हणाली, की पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा कालिम्नोसला जाणार आहे, ते अंगणाचं घर विकायचं की ठेवायचं ते ठरवायला. त्यासाठी संध्याकाळच्या क्लासला जाऊन ग्रीक शिकते आहे. क्लासमधले बाकीचे सगळे इंग्रज आहेत, सुटीसाठी शिकतात. "मास्तर म्हणतो, माझे उच्चार सगळ्यांत चांगले आहेत," ती म्हणाली, "पण व्याकरण अगदीच वाईट."